बिननंबरी

पाथर्डी फाट्यावरचा एजंट किल्ली देताना म्हणाला होता,
एका हातातली गाडी आहे मॅडम, डोळे झाकून घ्या.
मी उघडे ठेवून घेतली, तरी दिसली नाही
बॅटरीमागे लोंबणारी ही वायर.
लाल-हिरवी, पीळ घातलेली,
गाडीची नाहीच, घराची.
दिवाळीत आकाशकंदिलाला जोडतो, तसली.

अंबडला आम्ही पॅनेल भरतो.
तिथे बिननंबरी वायर म्हणजे गुन्हा.
दोन्ही टोकांना पिवळं फेरूल, त्यावर आकडा,
तोच आकडा ड्रॉइंगवर,
आणि कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं
ही कुठून निघाली, कुठे चालली.
अकरा वर्षं बोटांना हीच सवय.

रविवार. जानेवारीतलं नाशिक, नळाचं पाणी चावतंय.
गाडी दिवसाआड धक्का मागते.
बॉनेट उघडलं की पार्किंगमध्ये माणसं उगवतात.
खरोटेकाका म्हणाले, जुन्या गॅसकिटची असणार.
बी विंगचा मुलगा म्हणाला, फॉगलॅम्प.
भद्रकालीतून रियाझ कोकणी फोनवर:
ताई, कापून टाका.
जिच्यावाचून काही अडत नाही ती वायर नाही, सुतळी आहे.

कापली नाही.
चिमटीत धरून मागे मागे गेले.
काचेखालच्या जाळीत कांद्याचे पापुद्रे,
म्हणजे गाडी कधीतरी लासलगावला जाऊन आली आहे.
फायरवॉलवर स्क्रूची दोन भोकं, रिकामी.
मग एक सांधा. त्यावर काळी टेप नाही,
पांढरी. दवाखान्यातली.
सलाईनची सुई हलू नये म्हणून लावतात ती.
तिथे हात जरा थांबला.

पुढे रबरी बूच, पुढे कार्पेट,
सीटखाली पाचाचं नाणं, गोळ्यांचं रिकामं पाकीट,
मग दाराच्या पोटात शिरली आणि दिसेना.
परत पुढे आले. दोन्ही तारांना मीटर लावला.
मुका.
म्हणजे वाटेत कुठेतरी तुटली, मी मनात लिहूनही टाकलं,
तेवढ्यात मीटर वाजला.
बंद. परत वाजला.
मागच्या सीटवर माझी ओवी,
हात आर्मरेस्टच्या खाली:
आई, इथे घराची बेल आहे.

इन्शुरन्सच्या कागदावर नंबर होता.
लभडे, जेल रोड. प्रेसमधून रिटायर.
बोलणं नोटा मोजल्यासारखं, शब्द शब्दाला चिकटू न देता.
हो, माझीच वायर ती.
मिसेसच्या गळ्याचं ऑपरेशन, स्वरयंत्रच काढलं.
मागे आडवी होऊन यायची. मला कळणार कसं?
बेल बॉनेटमध्ये बसवली, आत वाजली की दचकायची.
एकदा म्हणजे थांबा.
दोनदा म्हणजे काच.
मी पुढचं विचारलं नव्हतं.
तीनदा म्हणजे, ते म्हणाले, काही नाही. उगीच.
द्वारकेच्या सिग्नलला खोळंबलो की वाजवायची.

नंतर म्हणाले, बेल काढून घेतली मी.
वायर निघाली नाही.

बॅटरी उतरत होती ती डिकीतल्या दिव्याने.
झाकण लावलं तरी आत जळत राहायचा.
बल्ब काढला, दोन मिनिटांचं काम.

मग फेरूलची डबी उघडली.
एक होते, दोन होते,
तीनचे शुक्रवारच्या पॅनेलमध्ये संपले होते.
कोरंच घातलं.
नियमाने पांढऱ्या टेपवर काळी मारायला हवी होती.
नाही मारली.

मागे ओवी बटण दाबतच होती.
पुढे काहीच वाजत नव्हतं.
किती वेळा दाबलंस, मी विचारलं.
मोजलं नाही, म्हणाली.