तपासणी

गोळी फोडली की पाकिटाच्या मागे नंबर दिसतो.
त्याला मिस्ड कॉल द्यायचा,
म्हणजे तिकडे कुठेतरी माझ्या नावापुढे टिंब पडतं:
भालचिम केरबा, वय एकाहत्तर, आजची घेतली.

अकरा दिवस मी नुसता कॉल देत होतो.

अठ्ठावीस वर्षं पीएमटीत काढली, स्वारगेट डेपो.
वेबिलावर एक खोटा आकडा नाही.
दहा पैसे कमी पडले तर खिशातले घातले,
जास्त भरले तरी झोप लागायची नाही.
आणि आता सकाळी सातला
तीन गोळ्या फोडायच्या,
हौसाच्या सुपारीच्या डबीत टाकायच्या,
झाकण लावायचं, मग कॉल.
दोनदा वाजतो आणि आपोआप कटतो.
काका, गिळली का, असं कोणी विचारत नाही.

का घेत नव्हतो?
ते कळलं असतं तर घेतलीच असती.
मळमळायचं, हे खरं. सांधे धरायचे, हेही.
पण तांब्या उशाशी, गोळ्या तळहातावर,
आणि मधलं ते वीतभर अंतर
स्वारगेट ते निगडी वाटायचं, तेही चालत.

सुनेनं माझा कप वेगळा ठेवलाय, निळ्या कडेचा.
डॉक्टर म्हणाले, आता कशाला वेगळा.
ती हो म्हणाली. कप तिथेच आहे, खिडकीत.
नातू चौकटीत उभा राहून बोलतो
फुटबोर्डावरच्या पोरासारखा,
आत येत नाही, उतरतही नाही.

जनता वसाहतीत आमचं घर वरच्या अंगाला.
पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढणारे दिसतात,
पांढरे बूट, गळ्यात टॉवेल.
मी बघायचो नुसता.
काही वाटायचं नाही. वाईटसुद्धा.
उदास वगैरे सिनेमातलं. माझं म्हणजे
रात्रीच्या शेवटच्या फेरीची गाडी,
दिवे चालू, घंटीची दोरी हलतेय,
बसलेलं कोणी नाही.

तांबोळीबाई सांगून येत नाहीत.
चेकर कधी सांगून चढलाय?
म्हणाल्या, काका, लघवी कशी होतेय?
होतेय.
रंग?
ह्या गोळीनं लघवी केशरी होते,
आमच्या जुन्या दीड रुपयाच्या तिकिटाचा रंग, अगदी तोच.
तिथे मात्र जीभ अडली.
डबी काढून दिली.

सतरंजीवर मोजल्या त्यांनी. तेहेतीस.
मी थांबलो. आता रिपोर्ट, आता मेमो.
बाईंनी रिकामी डबी हुंगली.
लवंगेचा वास येतोय, म्हणाल्या. कुणाची?
गेल्या माघात गेली, एवढंच सांगायचं होतं.
मग नळाला पाणी आलं, बायका हंडे भरून गेल्या,
पाणी गेलं, मी सांगतच होतो.
बाईंची पुढची घरं राहिली.

एक प्रश्न त्यांनी वही मिटून विचारला:
सकाळी जागच येऊ नये, असं वाटतं का?
म्हटलं, रोज नाही.
वही उघडून तसंच लिहिलं. रोज नाही.

आता बुधवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, मनाच्या.
रात्रीची एक गोळी वाढली, पांढरी, एवढीशी.
फार फरक आहे असं म्हणवत नाही.
पण परवा बसमध्ये
गळ्यात मशीन अडकवलेलं कंडक्टर पोरगं
माझ्या पासावरची तारीख न बघताच पुढे गेलं,
आणि मला राग आला.
चांगला सणसणीत, सारसबागेपर्यंत पुरला.
किती महिन्यांनी काहीतरी आलं होतं.

काल एक दिवस चुकला. कॉलही दिला नाही.
बाईंचा फोन: काका, काल?
काल नाही, म्हटलं. आज घेतो.

घेतली.
आता मोरीत उभा आहे, दिवा लावून,
खाली बघत.
दीडचं तिकीट.