घुसखोर

योएनसू, मार्च. नदीवरचा बर्फ
वरून शहाणा दिसतो, आतून कधीच फितूर झालेला.
संशोधन केंद्राच्या दाराशी लेम्पी कार्विनेन
बुटांना लावलेले खिळे काढून ठेवते.
वय चौऱ्याऐंशी, खेप आठवी.
दर दोन वर्षांनी ती येते आणि आम्ही तिला मोजतो.

रक्तदाब. कमरेचा घेर. मुठीची पकड किती किलोची.
रात्री झोप किती तास?
"झोपेला विचार. ती येते तेव्हा मी जागी नसते."
चालणं? टपालपेटीपर्यंत.
टपाल नसलं, तर थोड्या वेळाने परत एकदा.
मासे असतात. बेरी फ्रीजर भरून.
गेल्या आठवड्यात किती माणसांशी बोललात?
ती बोटं मोजते, अंगठ्याशी अडते:
"कुत्रा धरायचा का?"
फॉर्मात कुत्र्याला रकाना नाही.

कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये आहे.
"ओस्मो गेल्यावर घरात ऐकायचं काय?
फ्रिज घुरघुरतो, ते पायाला कळतं."
मी लिहिते: श्रवणयंत्र, वापर नाही.
ऐकणं आटलं की मेंदूही
हळूहळू दुकान आवरायला घेतो म्हणतात.
अजून नक्की नाही. नक्की करायला
अशा अनेक लेम्पी लागतात, आणि वर्षं.

मग शब्द. दहा, दोन-दोन सेकंदांनी,
जरा मोठ्याने, त्या ड्रॉवरमुळे:
चमचा, ढग, कुंपण, वासरू…
मध्ये वीस मिनिटं इतर कामं.
घड्याळ काढा, अकरा वाजून दहा झालेलं.
शंभरातून सात वजा करत जा.
आता सांगा, मघाशी कोणते शब्द वाचले?

ती खिडकीकडे बघते.
मग डोळे मिटून, पाढे म्हणावेत तशी:
होडी बटण लोणी पूल
सासू घंटा मोजा कोल्हा
शिडी
मीठ.

कुठेही अडखळली नाही.
यातला आजचा एकही नाही.

जुन्या फायलीत सापडले. तिसरी खेप, दहा वर्षांपूर्वीची यादी,
त्याच क्रमाने.
"तेव्हा ओस्मो बाहेर बाकावर बसला होता," ती म्हणाली,
"परतताना गाडीत त्याला म्हणून दाखवले.
तो म्हणतो, अगं, ही तर अख्खी गोष्ट आहे!
होडीतल्या सासूचं बटण तुटलं, लोणी गेलं पाण्यात,
आणि पुलावरून बघणाऱ्या कोल्ह्याच्या पायात मोजा एकच.
सिग्नल हिरवा झाला तरी आम्ही हसतोय,
मागचे भोंगे वाजवतायत.
मग रोज निजताना उजळणी.
मीठ तो म्हणायचा. शेवटचं नेहमी त्याचं."

पुस्तिका, पान एकोणीस:
यादीबाहेरचा शब्द तो घुसखोर.
घुसखोरांना गुण नाहीत, त्यांची नोंद वेगळी.
मी नोंद केली.
आठवले: शून्य. घुसखोर: दहा.

हे गोड करून सांगणार नाही.
आजची तारीख ती तळहातावर लिहून आली होती,
बर्फाने हात धुतला तेव्हा अर्धी गेली.
वासरू तिच्यापर्यंत पोचलंच नाही,
किंवा पोचलं आणि दारातून परत फिरलं.
वरच्या मजल्यावर हेन्रिक तिचा आलेख काढेल;
रेघ उतरेल, आणि ती रेघ खोटी नसेल.
फक्त त्या रेघेला
लाल सिग्नल, दोन माणसं, भोंगे,
यांतलं काही ठाऊक नसेल.

निघताना तिने खिळे बसवले, टोपी घातली,
दाराशी वळली.
"शिडी," म्हणाली,
आणि थांबली, माझ्या तोंडाकडे बघत,
कान नसलेली माणसं बघतात तशी.

नियम आहे: परीक्षकाने शब्द उच्चारू नये.
ओठांबद्दल पुस्तिकेत
काही लिहिलेलं नाही.