सोळा अंशांवर

भुसावळला मे महिन्यात सकाळी अकरालाच
डांबर चपलेला सोडत नाही,
तिथे व्हिनाइलची काय कथा.
माझी पहिली तबकडी माळ्यावर एका दुपारीत
पापडासारखी कडेनं उचलली गेली.
सुई चढायची, उतरायची,
आणि ट्रम्पेटवाला दर फेरीला
थोडी घेतल्यासारखा.

ती मिळाली होती रेल्वे कॉलनीत,
लेस्टर मॅकब्राइडच्या व्हरांड्यात.
लेस्टर मेलचा ड्रायव्हर, जाऊन वर्ष झालेलं.
डोरिनबाई मुलीकडे पर्थला निघालेल्या.
मी गेलो होतो शिसवी टेबलासाठी.
माझ्याआधी भंगारवाला उस्मान काटा घेऊन हजर,
पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा.
'हे प्लास्टिकच ना, बाई?'
'नाही,' बाई म्हणाल्या. एवढंच.
मग माझ्याकडे वळून,
'तू शेडमध्ये फिटर ना? घेऊन जा.
लेस्टर म्हणायचा, इंजिनाला कान लावणाऱ्याला हे कळतं.'
टेबल उस्माननं नेलं.

मला कळलं नाही.
सहा महिने नाही कळलं.
पाच जण एकदम भांडतायत
आणि कुणीच हरत नाही, एवढंच वाटायचं.
मग एका रात्री, डबल ड्यूटी करून आलेलो,
ड्रमवाल्यानं एक ठोका गिळला
आणि तेवढ्या फटीत
मला माझाच पाना हवेत थांबलेला दिसला,
बेअरिंग नक्की कुठे कुरकुरतंय ते ऐकायला.

तेव्हापासून पुणे, कोलकाता, टपालाची खोकी,
बोनसचा हिशेब दोन वह्यांत.
हेमांगी त्यांना काळे तवे म्हणते.
'तव्यावर निदान भाकर तरी होते.'
खरंय. होते.

आता मी ओळखतो :
लेबलावर नुसतं न्यूयॉर्क, की रस्त्याचा नंबरही,
भोकाभोवती नखाला लागणारी खोल चर,
आणि शेवटच्या सुरापलीकडच्या गुळगुळीत काळ्यात
कोरलेली खूण, कानाएवढी नाही,
पण कानासारखी.
कान असेल तर जुन्या छपाईतली.
त्रेचाळिसांतल्या अकरांना कान आहे.
भिंगाखाली धरल्यावर कधी कधी वाटतं,
आपण हिला ऐकतो तेव्हा हीही ऐकत असणार :
शेजारचा कुकर, अपची मालगाडी,
हेमांगीचं झोपेतलं कूस बदलणं.

पण उन्हाळा.
शेवटी सावद्याच्या यादव फेगड्यानं जागा दिली,
केळी पिकवायच्या चेंबरात.
भाडं नको, मोटर बंद पडली की यायचं.
एप्रिल ते जून
हिरव्या घडांच्या क्रेटांमागे, सोळा अंशांवर,
उभ्या राहतात त्रेचाळीस तबकड्या
आणि मृगानंतर घरी येतात
पिकल्या केळ्याचा वास घेऊन.
एक गिऱ्हाईक आलं होतं पुण्याहून.
कव्हर नाकाला लावलं, भाव निम्म्यावर आणला.
मी चहा पाजला, स्टेशनवर सोडलं.
ओरखड्यांना ग्रेड असते, डागांना असते,
या वासाला अजून कुणी दिलेली नाही.

मागच्या मे महिन्यात मोटर दुरुस्त करून
रात्री दोनला तिथेच बॅटरीवरचा प्लेअर लावला.
बाहेर पत्रे अजून तापलेले.
आत टेनरवाला एकच वाक्य
पुन्हा पुन्हा वेगळ्या टोकानं धरत होता,
कुठूनच न उचलणाऱ्या कपाटासारखं.
सुभान तडवी क्रेट घेऊन दारात थांबला.
बराच वेळ.
'हा गडी काय हुडकून राह्यला?'
माहीत नाही, म्हटलं.
बाजू संपली. सुई त्या गुळगुळीत काळ्यात
कानापाशी टक, टक करत फिरत राहिली.
'सापडलं का त्याले?'
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
'मंग पलटव ना.'
खांद्यावरचं क्रेट त्यानं
अजून खाली ठेवलं नव्हतं.