तिसरा पाय

वडशाची नाटक कंपनी. पळसगावच्या बांधीत मंडप,
पायाला अजून धानाचे खुंट टोचतात.
डोमाजी निकुऱ्यानं आवाजाची पेटी पालथी घातली,
खरखरणारं एक बटण उपसलं, बोराएवढं.
"पाय मोज."
तीन, म्हटलं मी.
मग दिव्यांच्या पेटीकडं मान हलवली:
चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेली तार,
वर सरकणारी पितळी जीभ.
तिथं वायरी दोनच.
तिसरा खिळा रिकामा, गंजलेला.

तार तशीच, जीभ तशीच, सरकणंही तेच.
मग एक पोटेन्शियोमीटर
आणि दुसरा ऱ्हिओस्टॅट काहून?

"तुहा बाप तलावाचं तुडुम उघडते ना?
वरचं बूच काढलं का धार मऊ,
खालचं काढलं का धाडधाड.
तलाव सारा भरला आहे,
आपन फक्त कोनत्या उंचीवर हात घालाचा थे ठरवतो.
थे हे, तीन पायाचं.
अन् पाटात चिखलाचा गोळा दाबून
धार बारीक केली, तर थे दुसरं.
पुढं कोनी पानी घेतच नसन
तर गोळा असला काय, नसला काय."

बिडी पेटवायला तो उगाच त्या नळीवर वाकला.
पेटली नाही. दिवे अजून लागले नव्हते.

उठताना म्हणाला,
"थो रिकामा खिळा जिभेलेच बांधून टाकजो.
काही लागत नाही त्याचं. तरी बांध."

रात्री दोनला तिसरा अंक.
यमुना कन्नाके लेकाचं पत्र वाचत होती,
मी जीभ सरकवत होते, हळूहळू,
चटका बसला म्हणून हात झटकला
आणि जीभ तारेवरून उचलली गेली.

अंधार झाला नाही.
उजेड सगळी तार फिरून आला,
लांबच्या वाटेनं, थकून,
निखाऱ्याएवढा.
यमुनाचं तोंड अर्धं दिसत होतं, पत्र दिसत नव्हतं,
तरी ती वाचत राहिली. पाठ होतं तिला.
तणसावर बसलेल्या बायांतून कोणीतरी नाक ओढलं.
पलीकडं डोमाजीनं आवाज केसभर खाली घेतला,
माझ्याकडं न बघता.

पहाटे वायरी गुंडाळताना
त्यानं तो खिळा अंगठ्यानं दाबून पाहिला.
"कोनं बांधला?"
मी बोटावरचा फोड तोंडात धरला होता.
"सोल्डर जास्त लावलीस," म्हणाला,
आणि पेटी उचलायला दुसरी बाजू धरली.