तिसरी ब, मधली सुट्टी

रबाळ्याचा वास दोनच्या सुमाराला येतो.
कोणी म्हणतं रंगाचा कारखाना, कोणी म्हणतं औषधाचा.
आम्ही खिडक्या लावून घेतो
आणि छत्तीस पोरांचा श्वास
एकाच खोलीत पुन्हा पुन्हा वाटून घेतो.
घणसोली, महापालिकेची शाळा, दुपारचं सत्र.
मला इथं सोळा वर्षं झाली.

त्या दिवशी डबा उघडलाच नव्हता.
गायकर सरांना पोर्टलची माहिती हवी होती:
किती जणांचं आधार जुळलं, किती जणांचं वजन घेतलं.
खिचडीचा फोटो नीट येत नव्हता,
वाफेनं मोबाईल आंधळा होत होता.
वजनांची यादी न्यायला मी मागच्या व्हरांड्यातून आले
आणि खिडकीशी थांबले,
फुटक्या काचेला पुठ्ठा लावलाय तिथं.

आत शाळा सुरू होती.

सुकन्या राठोड टेबलामागे,
डब्याचा नॅपकिन खांद्यावर, पदर म्हणून.
हातात डस्टर.
समोर पाच जणी मांडी घालून
आणि अर्णव कोपऱ्यात उभा.
तो खेळातसुद्धा कोपऱ्यातच असतो.

"तोंडं बंद!"
माझा आवाज.
"मी काय भिंतीशी बोलतेय का?"
हाही माझाच. आणि माझ्याही आधी
मुरबाडच्या शाळेतल्या टिल्लू बाईंचा,
ज्यांच्या धाकानं मी सतराचा पाढा पाठ केला
आणि एकदा बसकरपट्टी ओली केली.
वाटलं होतं, तो आवाज मी तिकडेच ठेवून आले.
तो तर माझ्याआधीच बदली घेऊन
इथं रुजू झालेला.

हसूही आलं.
पोरगी तंतोतंत करत होती.
चष्मा डोक्यावर ढकलायचा आणि टेबलभर शोधायचा.
फळ्यावर खडू मोडला की
"आता हाही" असं पुटपुटायचं.

मग म्हणाली, थांबा, बाई अजून आल्याच नाहीयेत.
कपाटाच्या आडोशाला गेली.
तिथं दार आहे असं समजायचं.
तिथं उभी राहिली.
डोळे मिटले.
ओठ हलले, मोजल्यासारखे.
नॅपकिन सारखा केला,
चेहऱ्यावर एक चेहरा चढवला
आणि आत आली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
नवऱ्याला नाही.
त्या समुपदेशक बाईंनाही नाही,
ज्यांनी ऐरोलीच्या हॉलमध्ये आम्हा दोनशे जणांना
दीर्घ श्वास घ्यायला लावला,
मग सह्या घेतल्या आणि वडापाव देऊन सोडलं.
रोज वर्गाबाहेर मी दहापर्यंत मोजते.
कधी वीस.
चैताली वाघचं नाव पटावरून कमी केलं,
कारणाच्या रकान्यात लिहिलं स्थलांतर,
त्या दिवशी सातनंतर काय येतं
तेच आठवेना.

आत एकीनं हात वर केला:
"बाई, तुमचं पोट दुखतंय का?"

सुकन्या अडली.
बाई यावर काय म्हणतात, तिला माहीत नव्हतं,
कुणी कधी विचारलंच नव्हतं.
ती फळ्याकडे वळली
आणि तारीख लिहायला लागली.

मीही तेच केलं असतं.

घंटा झाली. यादी तशीच राहिली.
पुढच्या दाराशी आले, डोळे मिटले,
एक, दोन, तीन, चार,
आणि उघडून पाहिलं तर
कडीखालच्या फटीत कुणाचा तरी डोळा.
तो पळाला. आत बाकं सरकली.

गेले तशीच.
चेहरा कुठला होता कोण जाणे.
नॅपकिन डब्यात, डस्टर जागेवर,
फळ्यावर सुकन्याच्या अक्षरात तारीख,
कालची. पुसली नाही.

सगळे बसले होते. अर्णव तेवढा अजून कोपऱ्यात.
बस जागेवर, म्हटलं.
"बाई, पण मी आज काहीच केलं नाही."
माहितीये. बस.
तो बसला, पण बाकाच्या अगदी कडेला,
परत उठावं लागेल या बेतानं.