ओढ

आर्नांग्वाकचं बोट उलूनं कापलं,
सीलचं कातडं तासताना, मार्चमध्ये.
रक्त फार नव्हतं म्हणे.
फक्त डावी अनामिका सरळ झाली ती सरळच राहिली,
हाक मारली तरी न वळणाऱ्या माणसासारखी.

विमानानं नूकला नेलं. तिथल्या सर्जननं
कंडरेचं तुटलं टोक बोटात शोधलं, तर तिथे नव्हतंच.
आत, तळहातात, मागे सरकून बसलं होतं.
ताणलेली दोरी तुटली की असंच करते.
निळ्या नायलॉननं शिवून, हाताला स्प्लिंट लावून
तिला परत सिसिमिउतला धाडलं, माझ्याकडे.

मी टेबलावर प्लास्टिकचा हात ठेवला
आणि ऑल्बोर्गला शिकले तसं सांगू लागले:
बोटाला वाकवणारं मांस बोटात नसतं,
ते इथे, कोपराखाली. तिथून या पांढऱ्या कंडरा निघतात,
मनगटाच्या बोगद्यातून जातात,
प्रत्येकीचं हाड ठरलेलं.
आणि हाडाला हाड बांधतात ते अस्थिबंध, ते वेगळे,
ते...

तिनं चांगला हात वर केला.
"कुत्रे आणि स्लेज," म्हणाली.
"कुत्रे पंख्यासारखे पसरतात, प्रत्येकाचा पट्टा निराळा.
पट्टा फक्त ओढतो.
पट्ट्यानं कधी कुणी गाडी ढकललीय?
मागे यायचं तर मागून ओढणारे हवेत."
आहेत, म्हटलं. हाताच्या पाठच्या बाजूला.
"आणि गाडीला खिळे मारत नाहीत.
खिळ्याची गाडी पहिल्या उंचवट्यावर फुटते.
माझा बाप फळ्या वादीनं आवळायचा,
हलतील इतपत सैल, निसटणार नाहीत इतपत घट्ट.
ते तुझं दुसरं. काय नाव म्हणालीस?"

अस्थिबंध, मी म्हणाले.
शब्द तोंडात लाकडासारखा लागला.

"आणि मला कशानं शिवलंय?"
नायलॉन.
तिनं पिशवीतून रेनडिअरच्या पाठीची कंडरा काढली,
वाळलेली, पिवळट. इवालु.
दातानं एक पदर सोलला, ओठांत भिजवला.
"हा पाण्यात फुगतो. सुईचं भोक भरून टाकतो,
म्हणून बुटात समुद्र शिरत नाही.
तुझं निळं फुगतं का?"

नाही फुगत. निळ्याचं काम फक्त धरून ठेवायचं.
सांधायचं तुलाच आहे, आतून, सावकाश,
कारण तिथे रक्त जेमतेम पोचतं.
दुसऱ्या आठवड्यात जोड सगळ्यात कच्चा असतो,
नेमकं तेव्हाच दुखणं ओसरतं
आणि माणसाला वाटतं, झालं.
पण नुसतं जपूनही चालत नाही.
न हललेली कंडरा शेजाऱ्यांना चिकटते.
म्हणून रोज मीच तिचं बोट वाकवत होते,
ती खिडकीतून बंदराकडे बघत असताना.

जूनमध्ये कुत्रे साखळ्यांवर पडून होते, बर्फाशिवाय,
कंटाळलेले.
तिनं मूठ मिटली. चार बोटं पोचली.
अनामिका तळहाताच्या अलीकडे थांबली,
एका बोटाच्या रुंदीवर.
मी पट्टी लावून मोजलं, कागदावर लिहिलं.
ती बघत राहिली.
"आखूड पट्टा," म्हणाली. मला पुढे काही सुचेना.

मग तिनं अर्धा शिवलेला बूट मांडीवर घेतला,
कातड्याच्या दोन कडा डाव्या हातात धरल्या,
अनामिका जरा बाजूला, पण धरण्यात सामील,
आणि ओवलेली सुई माझ्यापुढे केली.
मी कधी शिवलं नव्हतं.
"ओढ," ती म्हणाली.
"हळू. तुटेल.
अजून."