हातचा

कायानीच्या कागद गिरणीत, मोजमाप विभागात
ताइस्तो हेइक्कुराची एक फाइल होती.
असेंब्लीतल्या चारशे बारा ओळी,
एकोणनव्वदच्या हिवाळ्यातल्या.
माथ्यावर टीप: हात लावू नका. ता. हे.

कुणी लावला नाही.
प्रोसेसर बदलत गेले, पण प्रत्येक नवा
घरातल्या म्हाताऱ्यांची बोली समजावी
तशी ती भाषा समजून घ्यायचा.
सेकंदाला अठरा मीटर कागद पळायचा,
त्याच्या ओलाव्याची बेरीज
त्या ओळींतून खाली उतरायची.

मी तेच सी भाषेत लिहिलं. तीस ओळी झाल्या.
"तीस?" तो म्हणाला,
जेवण एवढंच का, असं विचारावं तसा.

त्याच्या निवृत्तीला नऊ दिवस होते. बाहेर उणे एकवीस.
आम्ही दोन्ही चालवून पाहिलं.
त्याचं, तीन पूर्णांक आठ मिलिसेकंद.
माझं, शून्य.

उघडून बघितलं तर आत काहीच नव्हतं.
उत्तर मी पुढे कुठे वापरलंच नव्हतं,
म्हणून कंपायलरने
सगळी बेरीजच उडवून लावली होती.
ताइस्तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.
"हा साहेब होणार," म्हणाला,
"मला एवढ्या वर्षांत हे जमलं नाही."

मग उत्तर छापायला लावलं. पुन्हा चालवलं.
दोन पूर्णांक नऊ.

तो काही बोलला नाही.
कंपायलरने पाडलेलं असेंब्ली त्याने छापून घेतलं,
गिरणीच्याच कागदावर,
आणि लाल पेन्सिल घेऊन बसला,
हुशार पण उर्मट पोराची वही तपासायला.

भागाकार टाळून गुणाकार केलाय. हं, माहीत होतं.
आठ-आठ बिंदू एका दमात. आमच्या वेळी नव्हतं हे.
इथे उगीच एक फेरी. लाल खूण.
एकोणिसाव्या पानावर पेन्सिल थांबली.

लहान घराची बेरीज,
आणि लगेच खाली, मोठ्या घराची,
हातच्यासकट.

सी भाषेत हातच्याला नाव नाही.
मी तो कुठेच लिहिला नव्हता,
नुसतं विचारलं होतं, बेरीज आधीपेक्षा लहान कशी झाली?
एवढ्यावरून याने ओळखलं,
एका बिटात टिकलेला तो एक
पुसला जायच्या आत उचलला
आणि पुढच्या घरात मिळवला.
"हे माझं आहे," ताइस्तो म्हणाला. मग, "माझ्यासारखं आहे."
मग बऱ्याच वेळाने,
"याला कुणी शिकवलं?"

"कंपायलरही कुणीतरी लिहितंच की."
"कोण?"
मला एकही नाव सांगता आलं नाही.

थर्मासमधली कॉफी थंड झाली होती, ती त्याने तशीच प्यायली.
जुनी फाइल उघडली,
माथ्यावरची टीप तेवढी खोडली,
आणि पुन्हा चालवून पाहिलं.

तीन पूर्णांक आठ.
ती ओळ यंत्राला कधी दिसलीच नव्हती.